मृत्युपत्र लिहिण्याआधी सातबारा वाचा

मृत्युपत्र करायचं ठरलं की माणसं आधी वकील शोधतात. माझं सांगणं असं, की त्याआधी सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि शहरात घर असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, टेबलावर ठेवा आणि ओळ न् ओळ वाचा. पुढं कधी वाद झाला तर मृत्युपत्राला दोनच प्रश्न विचारले जातात. जे दिलं ते देणाऱ्याचं होतं का? आणि देणारा नसताना हे त्यानंच, शुद्धीत आणि मनानं लिहिलं, असं कोण सांगणार? पहिल्याचं उत्तर उताऱ्यात असतं, दुसऱ्याचं साक्षीदारात. बाकी भाषा कितीही कायदेशीर सजवली तरी या दोहोंची भरपाई होत नाही.

सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावापुढं 'ए.कु.मॅ.' लिहिलंय का ते बघा. एकत्र कुटुंब मॅनेजर. गावात त्याला सरळ 'एकुम्या' म्हणतात. पूर्वी घरातल्या थोरल्याच्या एकट्याच्या नावानं सगळी जमीन लागायची आणि पुढं ही तीन अक्षरं पडायची. नाव एकाचं असलं तरी जमीन सगळ्यांची, असा त्याचा अर्थ. अशा जमिनीवर थोरल्यानं किंवा त्याच्या मुलानं 'माझी जमीन' म्हणून मृत्युपत्र केलं, तर ते त्याच्या हिश्श्यापुरतंच चालतं. 'अ.पा.क.' हा शेरा असाच, अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वयानं लहान वारसाच्या वतीनं लागलेलं पालकाचं नाव. ते अज्ञान मूल आज साठीचं झालेलं असतं आणि शेरा तसाच राहिलेला असतो. २०२५ मध्ये शासनानं 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती मयतांच्या जागी वारस लावायला आणि असे जुने शेरे काढायला. तुमच्या उताऱ्यावर अजून असतील तर तहसीलदारांकडं अर्ज देऊन आपण हयात असतानाच काढून घ्या. मागची माहिती सांगणारी माणसं घरात आहेत तोवर हे काम सोपं असतं.

जुन्या उताऱ्यात हिस्सा आणे-पैत असतो. १६ आणे म्हणजे पूर्ण, १२ पैचा एक आणा. तिघा भावांचा सारखा हिस्सा म्हणजे प्रत्येकी ५ आणे ४ पै. नावापुढं ५ आणे ४ पै असताना मृत्युपत्रात 'गट नंबर अमुक, संपूर्ण क्षेत्र' असं लिहिलं गेलं, की चुलत्यांचा अर्ज आलाच म्हणून समजा. बांधावर वहिवाट वेगवेगळी असते म्हणून घरच्यांना वाटतं वाटणी झालेली आहे. कागदावर ती नसते.

आणि भूधारणा पद्धत बघा. वर्ग १, म्हणजे देण्याघेण्यावर सरकारी बंधन नसलेली, असेल तर ठीक. वर्ग २ असेल तर शर्त काय आहे ते आधी कळलं पाहिजे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात देवस्थान इनामाच्या जमिनी पुष्कळ आहेत. कसणारी पिढी कितवीही असो, त्या जमिनी देवाच्या असतात. त्या विकता येत नाहीत आणि मृत्युपत्रानं देताही येत नाहीत. त्या गटाचं नाव मृत्युपत्रात घालून मुलांमध्ये आशा लावून ठेवू नये.

शेवटी जमीन आपल्याकडं कशी आली ते दाखवणारे फेरफार, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या डायऱ्या, मागं जाऊन काढा. खरेदीनं आली, वाटपानं आली की वारशानं? पुढचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर फिरतो.

कुणाचं किती

हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ चा आहे. तो जैन, बौद्ध, शीख यांनाही लागू आहे आणि लिंगायत-वीरशैवांचा तर त्यात नावानिशी उल्लेख आहे. शिरोळ, हातकणंगल्याच्या जैन घरांत 'आमचा कायदा वेगळा' असं कुणी म्हणालं तर ते बरोबर नाही. मुस्लिम कुटुंबांना त्यांचा व्यक्तिगत कायदा लागतो. तिथं मृत्युपत्रानं साधारण एक तृतीयांशापर्यंतच देता येतं, आणि वारसालाच द्यायचं असेल तर बाकी वारसांची संमती लागते. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागतो.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि आई. आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलंबाळं त्यांच्या जागी येतात, वारलेल्या मुलाची विधवाही येते. वडील पहिल्या वर्गात नाहीत, ते दुसऱ्या वर्गात येतात. आई आहे, हे मात्र घरोघरी विसरलं जातं. स्वतःच्या खरेदीची ३ एकर, म्हणजे १२० गुंठे जमीन. मागं बायको, आई, दोन मुलगे, एक मुलगी. पाच सारखे वाटे, प्रत्येकी २४ गुंठे. आजीचे २४ गुंठे पुढं तिच्या सगळ्या मुलामुलींकडं जातात, म्हणजे त्या रानात चुलते आणि आत्या येतात. तरुण मुलगा गेल्यावर सुनेला हे अचानक कळतं. मृत्युपत्र फक्त म्हाताऱ्यांनी करायचं असतं ही समजूत इथं महागात पडते.

आता तीच १२० गुंठे वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची धरा. बाप, आई, एक मुलगा, एक मुलगी. आजी आधीच वारलेली. बाप वारला त्या क्षणी वाटणी झाली असं कायदा मानतो. महाराष्ट्रात अशा वाटणीत बायकोलाही वाटा मिळतो, म्हणून चार हिस्से, ३० गुंठ्यांचे. बापाचे ३० गुंठे बायको, मुलगा, मुलगी यांच्यात प्रत्येकी १० असे जातात. शेवटी प्रत्येकाकडं ४० गुंठे. पण बापानं मृत्युपत्र करून 'सगळं मुलाला' लिहिलं असेल, तर ते फक्त त्याच्या ३० गुंठ्यांवर चालतं. मुलाचे ६०, आईचे ३०, मुलीचे ३०. पूर्ण १२० गुंठे मुलाला मिळतील असं समजून जो घरबांधणीचं कर्ज काढतो, त्याचं गणित तिथं फसतं.

मुलींच्या आणि नातवंडांच्या हक्काबद्दल गावात अजून तीन समजुती फिरतात. पहिली, 'लग्न १९९४ च्या आधी झालंय म्हणजे हक्क नाही.' ही आली महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीतून. तिनं २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना खरोखरच बाहेर ठेवलं होतं. पण ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं हा भेद संपला. मुलगी जन्मानंच सहदायाद, म्हणजे एकत्र मिळकतीची वाटेकरी, लग्न कधीही झालेलं असो. दुसरी समजूत, 'वडील २००५ च्या आधी वारले म्हणजे हक्क गेला.' सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सांगितलं, की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेली वाटणी मात्र मोडत नाही. घरात बसून तोंडी केलेल्या वाटणीला त्या काळातला सरकारी कागदांचा भक्कम आधार दाखवता आला तरच ती मानली जाण्याची शक्यता.

तिसरी समजूत उलट बाजूची आहे आणि नातवंडांची आहे: 'आजोबांची जमीन म्हणजे आमचा जन्मजात हक्क, बाप विकूच शकत नाही.' आजोबांनी ती स्वतः घेतली असेल, ते १९५६ नंतर वारले असतील आणि जमीन वारशानं बापाकडं आली असेल, तर ती बापाची स्वतंत्र मिळकत होते. त्यावर नातवांचा जन्मानं हक्क नाही. बाप ती विकू शकतो, मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकतो. म्हणून डायऱ्या काढा म्हटलं.

बायकांनी मृत्युपत्र करावं हे मी आग्रहानं सांगतो, कारण त्यांच्या मिळकतीचा क्रम वेगळा आहे. आधी मुलंमुली आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. तिचे स्वतःचे आईवडील त्यानंतर! मूलबाळ नसलेली विधवा शिक्षिका स्वतःच्या पगारातून फ्लॅट घेते आणि मृत्युपत्राशिवाय जाते, तेव्हा तिला सांभाळणाऱ्या आईच्या आधी दीर उभा राहतो. आईवडिलांकडून वारशानं आलेली मिळकत, मूल नसेल तर, माहेरच्या वारसांकडं परत जाते. तो नियम स्वकष्टाच्या मिळकतीला लागत नाही. दोन पानांचं मृत्युपत्र हे सगळं बदलू शकतं.

बहिणीची सही

हक्कसोडपत्राबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. वडील वारले, तेराव्याला बहिणी आलेल्या असतात, आणि तेव्हाच 'सही करून जा' असं होतं. माहेर तुटेल या भीतीनं सही केली जाते. बहीण मनापासून सोडत असेल तर तिचा तो अधिकार आहे, पण तिला किती गुंठे आणि कोणता गट ते आधी सांगा, दस्त वाचून दाखवा, आणि तेराव्याच्या मांडवात नको. सोडलेला हक्क 'तो जबरदस्तीचा होता' म्हणत परत मिळवणं फार अवघड असतं.

यात चुका ठरलेल्या आहेत. नोटरीकडं स्टॅम्पवर केलेलं हक्कसोड स्थावर मिळकतीला चालत नाही, दुय्यम निबंधकाकडं नोंदणी लागते. हक्क सोडायचा तो सहहिस्सेदाराच्या लाभात. भाऊ हयात असताना पुतण्याच्या नावानं 'हक्कसोड' केलं तर ते मुळात बक्षीसपत्र होतं आणि मुद्रांक त्याप्रमाणं मागितला जातो. दोन भावांपैकी एकाच्याच लाभात सोडलं की हिस्सा त्या एकालाच जातो. बहिणीला वाटतं दोघांत सारखा गेला. आणि वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टाच्या मिळकतीवरचा 'पुढं मिळणारा हक्क' मुलीकडून लिहून घेतला तर तो कागद निरर्थक. जो हक्क अजून जन्मालाच आला नाही तो सोडता येत नाही.

मृत्युपत्राचा कागद आणि त्या दहा मिनिटांची गोष्ट

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साध्या पांढऱ्या कागदावर, मराठीत, हातानं लिहिलेलंही चालतं. करणारा १८ वर्षांवरचा आणि शुद्धीत असावा, एवढंच.

मजकुरात मिळकतीचं वर्णन उताऱ्याबरहुकूम घ्या. गाव, तालुका, गट नंबर, हेक्टर-आर, आपला हिस्सा, चतुःसीमा. शहरात सि.स. (सिटी सर्व्हे) नंबर आणि वॉर्ड दोन्ही, कारण नुसत्या नंबरावरून वॉर्ड कळत नाही. रान देताना विहिरीतला हिस्सा, मोटारीचं वीज कनेक्शन, पाणीपुरवठा संस्थेचा शेअर आणि वाट हे वेगळं लिहा. जमीन धाकट्याला गेली आणि पाण्याचा शेअर थोरल्याच्या नावावर राहिला, तर उसाला पाणी कोण देणार? कारखान्याचा शेअर, दूध संस्थेचं सभासदत्व, सेवा सोसायटीचं कर्ज हेही लिहा. कर्ज मिळकतीबरोबर जातं आणि वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मिळकतीपुरतीच असते, पण कुणी फेडायचं हे लिहिलं नसेल तर भावाभावांत तिथंच ठिणगी पडते.

दागिन्यांबद्दल 'सर्व दागिने मुलींना सारखे' असं लिहू नका. २१ पानांचा कोल्हापुरी साज दोन बहिणींत सारखा कसा वाटणार? साज कुणाला, ठुशी कुणाला, पाटल्या-बांगड्या कुणाला, प्रत्येकाचं ग्रॅममध्ये वजन, आणि वजनातला फरक रोखीनं भरायचा का तेही. नवऱ्यानं इथं एक लक्षात ठेवावं. बायकोचं स्त्रीधन तिचंच असतं, नवऱ्याच्या मृत्युपत्रात ते घालता येत नाही.

ज्याला दिलं तो आपल्या आधी गेला तर काय, हे लिहा. लाभार्थी आपला मुलगा किंवा मुलगी असेल आणि त्याची मुलंबाळं हयात असतील तर त्याचा वाटा त्याच्या वारसांकडं जातो. भाऊ, पुतण्या, सून असेल तर ती देणगी पडते आणि शिल्लक मिळकतीत मिसळते. म्हणून प्रत्येकापुढं 'तो हयात नसल्यास' असं पर्यायी नाव घाला. आणि शेवटी शेष कलम: याखेरीज जी काही मिळकत माझ्या नावे निघेल ती अमक्याला. हे वाक्य नसलं तर नंतर घेतलेला भूखंड मृत्युपत्राबाहेर राहतो.

बायकोला 'हयातभर भोगवटा, नंतर मुलाला' असं लिहायची फार जुनी सवय आहे. मला ती पसंत नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १४ खाली ती हयातीचीच मालकी की पूर्ण मालकी यावर पिढीभर दावे चालतात, आणि तोवर तिला आजारपणासाठी एक गुंठाही विकता येत नाही. तिची सोय व्हावी असं खरंच वाटत असेल तर काहीतरी पूर्ण मालकीनं द्या, राहतं घर किंवा थोडं रान, आणि तसं स्पष्ट लिहा. नवराबायकोनं एकाच कागदावर संयुक्त मृत्युपत्रही करू नये. एक गेल्यावर दुसऱ्याला ते बदलता येतं का यावरच वाद होतो. दोन माणसं, दोन कागद.

एखाद्याला कमी दिलं किंवा वगळलं असेल तर कारण लिहा, एक-दोन वाक्यांत, कडवटपणा न आणता. 'मोठ्या मुलीस शिक्षण व घरासाठी पूर्वी मदत केली आहे' एवढं पुरे. कारण न देता बायको किंवा मुलगी वगळलेली दिसली की कोर्ट संशयानं बघतं.

आता सही. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचं कलम ६३ सांगतं ते असं: मृत्युपत्र करणाऱ्यानं सही किंवा अंगठा करायचा. किमान दोन साक्षीदारांपैकी प्रत्येकानं ती सही होताना पाहिलेली असावी, किंवा 'ही माझी सही' असं करणाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं असावं. आणि प्रत्येक साक्षीदारानं करणाऱ्याच्या समोर सही करायची. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असावेत अशी सक्ती नाही, पण असावेतच.

प्रत्यक्षात ही दहा मिनिटं अशी घालवा. सगळे एका टेबलाशी. करणाऱ्याला मजकूर मोठ्यानं वाचून दाखवा. तो प्रत्येक पानाच्या खाली सही करतो, शेवटच्या पानावर मजकूर संपतो त्याच्या लगेच खाली पूर्ण सही, तारीख, ठिकाण. मध्ये मोकळी जागा नको, ती आडवी रेघ मारून बंद करा. खाडाखोड झाली असेल तर तिच्याशेजारी तिघांच्याही सह्या हव्यात. मग त्याच पेनानं पहिला साक्षीदार, मग दुसरा. पूर्ण नाव, वय, पत्ता. कुणीही मधे उठून जायचं नाही. साक्षीदारानं मजकूर वाचायची गरज नाही, त्यानं सही पाहायची असते.

मोडतं ते इथंच. साक्षीदार कोर्टात सांगतो, 'कागद दुपारी माझ्या दुकानात आणून दिला, वर त्यांची सही होती, मी खाली केली.' संपलं. सही पाहिली नाही, कबुली ऐकली नाही, करणारा समोर नव्हता. माणूस खोटं बोलत नसतो, घाईत केलेलं काम खरं खरं सांगत असतो. मजकूर लिहिणारा लेखनिक आपोआप साक्षीदार धरला जात नाही, त्याला धरून 'दोन' मोजू नका.

साक्षीदार निवडताना वय बघा. सत्तरीच्या माणसाला सत्तरीचे दोन मित्र साक्षीदार असले तर पंधरा वर्षांनी तिघेही नसतात. वयानं लहान, गावात टिकून असलेली, मिळकतीत काहीही न मिळणारी माणसं घ्या. हिंदूंच्या बाबतीत लाभार्थी साक्षीदार असला म्हणून देणगी आपोआप रद्द होत नाही, पण संशयाला जागा कशाला द्यायची? ज्याला मोठा वाटा मिळतोय त्यानं वकील ठरवणं, मजकूर सांगणं, गाडीतून नेऊन सही घेणं, यातलं काहीही करू नये. कोर्ट ज्याला संशयास्पद परिस्थिती म्हणतं तीत हे पहिलं येतं. करणारा वयस्क किंवा आजारी असेल तर नेहमीच्या डॉक्टरांचा त्याच तारखेचा दाखला घ्या, आणि जमलं तर डॉक्टरांनाच एक साक्षीदार करा.

नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. नोंदणी फी १०० रुपये, वर पानाप्रमाणं दस्त हाताळणी शुल्क. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सोयीच्या दुय्यम निबंधकाकडं करता येते. ओळखपत्रं, दोन साक्षीदार, फोटो, अंगठा. बाकी दस्तांना चार महिन्यांची मुदत असते, मृत्युपत्राला ती नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी अर्ज दिल्यास अधिकारी घरी येऊ शकतात. हयात असेपर्यंत त्याची नक्कल दुसऱ्या कुणाला मिळत नाही. नोंदणी झाली म्हणजे शाबीत झालं असं मात्र नाही. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ प्रमाणं साक्षीदार हयात असेल तर किमान एकाला कोर्टात बोलवावंच लागतं. तीस वर्षं जुन्या दस्ताला मिळणारी सूट मृत्युपत्राला मिळत नाही.

मत बदललं तर नवं मृत्युपत्र करा आणि त्यात 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द' लिहा. जुन्यावर पेननं नावं बदलू नका. नोंदणी केलेलं मृत्युपत्र नंतरच्या बिनानोंदणीच्या मृत्युपत्रानंही रद्द होतं, फक्त ते नीट शाबीत व्हावं लागतं.

नॉमिनी, बक्षीसपत्र, ट्रस्ट

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँक किंवा पतसंस्था पैसे नॉमिनीच्या हातात देते, तो ते वारसांसाठी सांभाळतो. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्यात २०१५ नंतर आईवडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर ती स्वतःच हक्कदार धरली जातात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात. मृत्युपत्र आणि नॉमिनी यांत एकच नावं ठेवा, निम्मी भांडणं तिथं टळतात.

राहतं घर किंवा शेतजमीन मुलामुलीला, नवरा-बायकोला, नातवंडाला बक्षीस द्यायला मुद्रांक फक्त २०० रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. स्वस्त आहे म्हणून घाई करू नका. मृत्युपत्र उद्या फाडता येतं, बक्षीसपत्र नाही. द्यायचंच असेल तर 'देणाऱ्याचा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द दस्तात घाला. तसं असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांतांकडच्या (उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या) न्यायाधिकरणात ते रद्द करून मिळू शकतं. अट लिहिलेली नसली तर तिथं फार अडचण येते.

ट्रस्टचं नाव काढलं की आपल्याकडं देऊळ आणि शिक्षणसंस्थाच डोळ्यांपुढं येतात. ते सार्वजनिक न्यास. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० खाली तीन महिन्यांत नोंदणीचा अर्ज, विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज, जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी. खाजगी न्यास वेगळा, १८८२ च्या कायद्याचा, ठरावीक माणसांच्या भल्यासाठी. त्याला धर्मादाय कार्यालयात जावं लागत नाही. स्थावर मिळकतीचा असेल तर लेखी आणि नोंदणीकृत हवा, किंवा मृत्युपत्रातून केलेला.

ज्या घरात मतिमंद किंवा स्वमग्न मूल आहे, त्या घरानं याचा गंभीरपणे विचार करावा. त्या मुलाच्या नावावर थेट जमीन केली तर ते ती सांभाळू शकत नाही, आणि भावाला 'तू बघ' म्हणून सगळं दिलं तर भावानंतर काय? मृत्युपत्रातच न्यास करा. त्याला मुद्रांक लागत नाही, आणि आपण हयात आहोत तोवर बदलता येतो. विश्वस्त दोन किंवा तीन: एक नात्यातला, एक बाहेरचा, आणि जागा रिकामी झाली तर पुढचा कसा नेमायचा तेही लिहा. पैसा कशावर खर्च करायचा ते नेमकं: औषधं, सांभाळणाऱ्या बाईचा पगार, निवासी संस्थेची फी, वर्षाला दोन जोड कपडे, आवडीचा प्रवास. मुलानंतर शिल्लक कुणाला तेही. विश्वस्त ती मिळकत स्वतः विकत घेऊ शकत नाही, तिच्यातून स्वतःचा फायदा करू शकत नाही. मूल सज्ञान झाल्यावर पालक नेमणूक वेगळी लागते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती ती करते. आईवडील धडधाकट असतानाच हे करून ठेवावं.

माणूस गेल्यावर

मृत्यूची नोंद २१ दिवसांत, आणि दाखल्यावरचं नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी जुळतंय ना ते तिथंच बघा. 'दत्तू' आणि 'दत्तात्रय' यांच्यातला फरक पुढं प्रतिज्ञापत्रांवर प्रतिज्ञापत्रं करायला लावतो. वारसाची खबर तीन महिन्यांत तलाठ्याकडं. १९१८ साली शाहू महाराजांनी कुलकर्णी वतनं बंद करून संस्थानात पगारी तलाठी आणले. आता त्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण माणसं तलाठीच म्हणतात. अर्ज ई-हक्क प्रणालीवरूनही करता येतो. नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हरकत आली तर नोंद तक्रारी होते, आणि निकाल पटला नाही तर प्रांतांकडं ६० दिवसांत अपील.

अर्जात सगळे वारस लिहा, बहिणींसह. नावं लपवून केलेली नोंद काही वर्षांनी बाहेर येतेच, आणि तोवर त्या जमिनीवर कर्ज, विक्री, बांधकाम सगळं उभं राहिलेलं असतं. फेरफार मालकी देत नाही, तो महसुलासाठी असतो. मालकीचा वाद दिवाणी कोर्टातच सुटतो. मृत्युपत्र असेल तर त्यावरूनही फेरफार घालता येतो, पण बाकी वारसांना नोटीस जातेच. शहरातल्या घरासाठी हाच अर्ज नगर भूमापन कार्यालयात, आणि घरफाळ्याचं नाव महापालिकेत वेगळं लावून घ्यायचं. एकाकडं दिलं म्हणजे दुसरीकडं आपोआप होत नाही.

कोल्हापुरात केलेल्या आणि इथल्याच मिळकतीच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे कोर्टाकडून ते शाबीत करून घेणं, सक्तीचं नाही. नॉमिनी नसलेल्या ठेवी, शेअर्स, येणी यांसाठी दिवाणी कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र लागतं. ते जमिनीला लागत नाही. पेन्शनसाठी तहसीलदार देतात तो दाखला त्या कामापुरताच असतो, त्यावर कुणी जमिनीचा हक्क सांगू शकत नाही. अपील वरच्या कोर्टात गेलं तर आता मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच आहे.

मूळ मृत्युपत्र कुठं ठेवायचं? बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं आणि लॉकर एकट्याच्या नावावर असला, तर ते काढायलाच वारसांना आधी कागद गोळा करावे लागतात. ज्याला एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा, नेमलंय त्याच्याकडं ठेवा, किंवा बंद लखोट्यात जिल्हा निबंधकाकडं जमा करा. नोंदणी कायद्यात तशी सोय आहे. लखोट्यावर आपलं नाव आणि आत मृत्युपत्र आहे एवढं लिहायचं. पावती मिळते. ती पावती घरात कुठल्या पेटीत आहे ते बायकोला आणि मुलीला, दोघींना सांगून ठेवा.